मुंबईत नव्याने आलात? आधी कागद, मग खोली

गावाहून मुंबईला निघालेल्या माणसाला सगळे पहिलं एकच विचारतात, "उतरणार कुठे?" नोकरी कसली, पगार किती, हे नंतर. विचारणाऱ्याचं बरोबर असतं. या शहरात काम एक वेळ आठवड्यात मिळतं, खोली मिळायला महिना जातो, आणि मिळालेली परवडेलच असं नाही.

मी २००९ साली अंबाजोगाईहून आलो. तेव्हापासून डोंबिवली, दिवा, कळवा, पुन्हा डोंबिवली अशा सहा खोल्या बदलल्या. आता नात्यातलं, ओळखीतलं कुणी यायचं असलं की फोन माझ्याकडे येतो आणि मी तेच तेच सांगतो. ते एकदा लिहून टाकतोय.

पायऱ्यांकडे वळण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढची धावपळ कशासाठी ते कळेल. आपल्याकडे सरकारी घरांच्या जेवढ्या योजना ऐकू येतात (म्हाडा, सिडको, झोपडपट्टी पुनर्वसन, पंतप्रधान आवास) त्या जवळजवळ सगळ्या मालकीच्या घराच्या आहेत. भाड्याने राहणाऱ्यासाठी फारसं काही नाही. इंग्रजांच्या काळात, १९२० च्या दशकात, कामगारांना भाड्याने देण्यासाठी बीडीडी चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची. त्यानंतर २००८ मध्ये एमएमआरडीएने (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने) भाड्याच्या घरांची मोठी योजना आणली, त्यातलंही घर १६० चौरस फुटांचंच! ती योजना पुढे गुंडाळली गेली आणि बांधलेली बरीचशी घरं प्रकल्पग्रस्तांकडे गेली. मे २०२५ मध्ये राज्याने नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं, त्यात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे. नोकरदार महिला, विद्यार्थी, औद्योगिक कामगार यांच्या भाड्याच्या घरांचाही विचार आहे. होईल तेव्हा होईल. आज आलेल्या माणसाला दार एकच उघडं आहे, ते खाजगी मालकाच्या खोलीचं.

मालकीच्या योजनांच्या दारात उभं राहिलं की सगळ्यात आधी तारीख विचारतात. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २००० पूर्वीच्या झोपडीला मोफत घर, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या झोपडीला अडीच लाख रुपये भरून. म्हाडाला गेल्या २० वर्षांत सलग १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा लागतो. तुम्ही अमुक साली इथे होता हे तुमच्या तोंडी सांगण्यावर कुणी मानत नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, खोली लहान घे, लांब घे, पण कागद असलेली घे.

पहिले पंधरा दिवस

आल्याआल्या खोली ठरवू नका. घाईत घेतलेली खोली अकरा महिने पुरून उरते. पंधरा-वीस दिवस नातेवाइकाकडे, नाहीतर कॉट बेसिसवर, पेइंग गेस्ट म्हणून काढा. कॉट म्हणजे एका खोलीत चार-सहा खाटा, त्यातली एक तुमची. सामान खाटेखाली आणि लक्षही खाटेखालीच.

हा प्रकार मुंबईला नवा नाही. गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातल्या, घाटावरच्या गावांनी लालबाग-परळला गावकीच्या खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. एका खोलीत पाळीपाळीने माणसं झोपायची, एक पाळीवरून आला की दुसरा उठून कामावर जायचा, आणि जेवण खानावळवाल्या बाईकडे. अशा काही खोल्या अजून गावच्या मंडळांच्या ताब्यात आहेत. तुमच्या गावाचं मुंबईकर मंडळ आहे का, याची चौकशी निघण्याआधीच करा. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला नक्की ठाऊक असतं.

शिकायला आलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून जेवण, निवास आणि किरकोळ खर्चाला मुंबई-ठाण्यात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात. इतर प्रवर्गांसाठीही अशाच निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. कॉलेजात समाजकल्याणचं काम कोण बघतं ते पहिल्याच आठवड्यात विचारा, नंतर मुदत निघून जाते. मुलींनी नोकरदार महिलांच्या वसतिगृहांत आधी अर्ज टाकावा. तिथे प्रतीक्षा यादी असते, पण अर्जाला काही बिघडत नाही.

हिशेब भाड्याचा नाही, पहिल्या दिवसाचा

समजा १५,००० भाड्याची खोली आहे. पोरं पगारातून १५,००० वजा करून मोकळी होतात. पण किल्ली हातात येण्याआधी काय काय जातं ते मांडून बघा. डिपॉझिट समजा ५०,०००. एजंटची दलाली एक महिन्याचं भाडं, १५,०००. पहिल्या महिन्याचं आगाऊ भाडं १५,०००. करार नोंदणीचे पावणेदोन-दोन हजार. झाले ८२,०००. वर गादी, बादली, शेगडी, पंखा नसेल तर पंखा. पगार अजून महिनाभर लांब. गावाकडून निघताना एवढी रक्कम हाताशी नसेल, तर दोघं-तिघं मिळून खोली घेणं हाच रस्ता आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही; पण करारात तिघांचीही नावं टाका, एकाच्या नावावर करार आणि बाकीचे पाहुणे असं करू नका. भांडण झालं की पाहुणा बाहेर.

डिपॉझिट किती घ्यावं याला आपल्या भाडे कायद्यात कमाल मर्यादा नाही. त्यामुळे घासाघीस करा. मालक भाड्यात हजार कमी करणार नाही, पण डिपॉझिटमध्ये दहा हजार सोडतो. त्याला ते परतच द्यायचे असतात.

लाईन

ऑफिस कुठल्या स्टेशनला आहे त्यावरून लाईन ठरते आणि लाईनवरून खोली. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर, सीएसएमटी ते कल्याण ५४, बदलापूर ६८, हार्बरने पनवेल ४९. जितकं लांब जाल तितकं भाडं उतरतं, पण प्रत्येक टप्प्याला दिवसातला वेळ जातो. माझा साधा नियम आहे: घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत सव्वा तासाच्या वर जात असेल तर स्वस्त खोली स्वस्त राहत नाही. एक वर्ष कसंबसं निघतं, दुसऱ्या वर्षी माणूस आजारी पडतो.

पाहणी नुसती गाडीत बसून करू नका. रविवारी दुपारी बदलापूरची गाडी रिकामी असते आणि एजंट तेव्हाच बोलावतो. सोमवारी सकाळी साडेसातला त्या स्टेशनवर उभे राहा आणि गाडीत चढून दाखवा. दिव्याला मी पहिल्या दिवशी तीन गाड्या सोडल्या होत्या. काही जण उलट दिशेने मागच्या स्टेशनापर्यंत जाऊन, त्याच गाडीत बसून येतात. तो वीस मिनिटांचा वेळही हिशेबात धरा. आणि पश्चिम रेल्वेवर खोली, मध्य रेल्वेवर नोकरी अशी जोडी असेल तर दादर किंवा घाटकोपरच्या मेट्रोचा जिना रोज दोनदा चढायचा आहे हे विसरू नका.

खोली बघताना

आरशासारखी फरशी बघून भुलू नका. पाणी कधी येतं ते विचारा, आणि जमलं तर त्याच वेळेला जा. एजंट म्हणेल, "चोवीस तास पाणी आहे साहेब." त्याचा अर्थ वरच्या टाकीत आहे. चाळीत किंवा बैठ्या खोलीत पहाटे पाऊण तास पाणी येत असेल आणि तुमची नाइट शिफ्ट असेल, तर पिंप भरणार कोण?

दुसरं, पावसाचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्या दिवशी कुठे किती पाणी आलं ही इथल्या प्रत्येक गल्लीची पाठ झालेली गोष्ट आहे. एजंटला विचारू नका. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान असेल, तिथल्या काकांना विचारा, "काका, सव्वीस जुलैला पाणी कुठवर होतं?" कळव्यात मला एका काकांनी उत्तर दिलं नाही, नुसता हात कमरेच्या वर नेऊन दाखवला. मग गल्ल्यामागच्या भिंतीवरचा डाग दाखवला. मी ती तळमजल्याची खोली सोडली आणि त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घेतली, हजार रुपये जास्त देऊन. बदलापूर-वांगणीकडे बघत असाल तर उल्हास नदी किती लांब आहे ते बघा. जुलै २०१९ मध्ये तिथेच महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती.

इमारत जुनी असेल तर ती धोकादायक यादीत आहे का ते पाहा. महापालिका सी-१ वर्गातल्या, म्हणजे राहण्यास अयोग्य इमारतींची यादी काढते, म्हाडाही पावसाळ्याच्या तोंडावर दक्षिण मुंबईतल्या अतिधोकादायक उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी जाहीर करते. यादीतल्या इमारतीत भाडं फार कमी असतं. ते का कमी आहे, हे सांगायला नको.

मालक खरा आहे का

खोली पसंत पडली की एजंट टोकन मागतो. "दादा, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय." येऊ द्या. टोकन देण्याआधी मालकाचा आधार, ताजं वीजबिल आणि सोसायटीची मेंटेनन्सची पावती बघा. तिन्हींवर एकच नाव हवं. याहून पक्कं हवं असेल तर घराच्या खरेदीखताचं इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा, मागा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ते शोधताही येतं. वीजबिलावर मागची थकबाकी किती ते डोळ्यांखालून घाला, नाहीतर आधीच्या भाडेकरूचं बिल तुम्ही भराल. टोकन दिलंच तर रोख नको. खात्यावर पाठवा आणि "अमुक खोलीचं टोकन" असं लिहून पाठवा.

मालक परदेशात आहे, गावी आहे, किल्ली शेजारी ठेवलीय, पैसे आधी पाठवा: हे वाक्य ऐकलं की उठून चालू लागा.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीतल्या घरांबाबत जरा थांबा. ही घरं वाटप झाल्यापासून काही वर्षं विकण्यावर आणि भाड्याने देण्यावर बंधन असतं. मालक करार नोंदवायला का-कू करत असेल तर बहुधा कारण हेच. खोली मिळेल, कागद मिळणार नाही.

करार, आणि अकरा महिन्यांचा गैरसमज

"अकरा महिन्यांचा आहे, रजिस्टर करायची गरज नाही, नोटरी पुरते." हे तुम्हाला किमान तीन माणसं सांगतील, त्यात एक वकीलही असेल. महाराष्ट्रात हे चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठराविक मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा, मुदत कितीही असो. नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवला नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय नोंद नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. हे मालकाला हळूच सांगितलं की तो स्वतःच तयार होतो.

खर्च फार नाही. मुदतीतलं एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. वरच्या उदाहरणात अकरा महिन्यांचं भाडं १,६५,०००, डिपॉझिटवरचे साधारण ४,६००, म्हणजे शुल्क सव्वाचारशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात १,००० आणि ऑनलाइन हाताळणीचे ३००. अंगठा घेणारं मशीन घेऊन माणूस घरी येतो, त्याची मजुरी वेगळी. खर्च अर्धा-अर्धा करण्याची रीत आहे.

हा अकरा महिन्यांचा आणि 'लायसन्स'चा खेळ आला कुठून, हेही गमतीचं आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला गोठवली. भाडेकरूला हलवता येईना, भाडं वाढवता येईना. मालकांनी डागडुजी सोडली आणि नवी भाड्याची घरं बांधणंच सोडलं. मग मालकांनी पळवाट काढली: भाडेकरू नको, वापराची परवानगी घेतलेला 'लायसन्सी' चालेल. १९७३ मध्ये सरकारने तेव्हाच्या लायसन्सींनाही भाडेकरूचा दर्जा दिला, तेव्हा मालक आणखी बिथरले. आजही वय झालेला मालक दोन-तीन वर्षांच्या करारावर सही करताना कचरतो, ते याच भीतीने. खरं तर आता लायसन्सची मुदत संपूनही माणूस राहिला तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन मालक ताबा घेऊ शकतो, आणि जास्तीच्या दिवसांचं भाडं दुप्पट दराने मागू शकतो. तुम्हीही हे लक्षात ठेवा. मुदत संपण्याआधी नवा करार करा.

करारात या चार गोष्टी वाचा: डिपॉझिट किती दिवसांत परत, लॉक-इन (ज्या काळात खोली सोडता येत नाही तो) किती महिने, नोटीस किती दिवसांची, पुढच्या वर्षी वाढ किती टक्के. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी लावते ते नॉन-ऑक्युपन्सी शुल्क मालकाचं आहे, तुमचं नाही. आणि ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं मालकाचं काम, पण त्याची पोच तुम्हीही मागून घ्या.

हेवी डिपॉझिटचं आमिष कानावर येईल. पाच-सात लाख एकरकमी द्या, भाडं शून्य, जाताना पैसे परत. गणित गोड वाटतं. पण ते पैसे मालकाने कुठेतरी घातलेले असतात आणि परत देताना तो नवा माणूस शोधतो, त्याचे पैसे घेऊन तुमचे देतो. घरावर बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर बँक दारात येते आणि तुम्ही बाहेर. एकच खोली तीन जणांना हेवी डिपॉझिटवर दिल्याचे गुन्हे मुंबई-ठाण्यात नेहमीचे झालेत. नवख्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये. पगडीचंही, म्हणजे जुन्या घराचा भाडेहक्क घेण्यासाठी द्यायच्या एकरकमी पैशांचंही, तेच. पगडी आता कायद्यात बसते, कलम ५६ खाली, पण मालकाच्या संमतीशिवाय आणि पावती नावावर झाल्याशिवाय ती पगडी नसते, नुसते गेलेले पैसे असतात.

करार हातात आल्यावर लगेच

झेरॉक्स नको, पीडीएफ स्वतःला मेल करून ठेवा. मग त्या पत्त्यावर बँक खातं, आधारचा पत्ता, मतदार यादीतला बदल. गॅस जोडणी व्हायची असेल तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. गावचं रेशनकार्ड रद्द करून इथे नवं काढायला धावू नका. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे आधार जोडलेलं असेल तर इथल्या कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं. दुकानदार "तुमचं नाव आमच्याकडे नाही" म्हणेल. नसणारच. पोर्टेबिलिटी म्हणा.

प्रत्येक जुना करार, भाड्याच्या पावत्या, बँकेचं पासबुक एका फायलीत ठेवा. कंटाळा येईल. ठेवा.

सोडत

म्हाडाची लॉटरी हा मुंबईतला मोठा सण आहे. मुंबई मंडळाच्या २०२३ च्या सोडतीत ४,०८२ घरं होती, २०२४ मध्ये २,०३०, आणि दोन्ही वेळा अर्जदार लाखावर. तेव्हा लागण्याच्या भरवशावर लग्न ठरवू नका, पण अर्ज करा.

उत्पन्न गट कुटुंबाच्या, म्हणजे नवरा-बायकोच्या मिळून वार्षिक उत्पन्नावर ठरतो. मुंबई महानगरात ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम, त्यापुढे उच्च. बीड, सोलापूर, रत्नागिरीहून आलेल्याची १५ वर्षांची अट गावच्या वास्तव्यातूनच पुरी होते. तहसीलमधून नवं बारकोड असलेलं अधिवास प्रमाणपत्र घेऊन या, जुनं चालत नाही. बेळगाव, गोवा, इंदूर, बडोद्याहून आलेल्या मराठी माणसाला मात्र इथली १५ वर्षं पुरी करावी लागतात. म्हणूनच वर म्हटलं, पहिल्या दिवसापासूनची फाईल.

नोंदणी एकदाच करून, कागद तपासून घेऊन ठेवता येते, जाहिरात येण्याची वाट बघू नका. म्हाडाचे एजंट नसतात. "साहेबांच्या कोट्यातून काढून देतो" म्हणणारा तुमच्या पैशांतून काढतो.

एक कमी माहीत असलेली गोष्ट. कोकण मंडळाची, विशेषतः विरार-बोळींजची न विकली गेलेली घरं 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' तत्त्वावर निघत आली आहेत. सिडकोनेही २०२४ मध्ये तळोजा, खारघर, उलवे अशा ठिकाणी २६,००० घरांची योजना काढली, पण किमती बघून लोक नाराज झाले. सरकारी म्हणजे स्वस्त, हे समीकरण आता डोक्यातून काढा. बाहेरच्या बाजारभावाशी ताडून मगच अनामत भरा.

स्वस्त फ्लॅट विकत घेण्याआधी

दोन-तीन वर्षांत कुणीतरी म्हणेल, भाडं भरण्यापेक्षा नालासोपाऱ्याला, दिव्याला वीस-बावीस लाखांत घेऊन टाक. थांबा. २०१३ च्या एप्रिलमध्ये मुंब्र्याजवळ शिळफाट्याला बांधकाम चालू असलेली बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली; त्यात आधीच राहायला आलेली कुटुंबं होती. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी खोट्या परवानग्या दाखवून महारेराची (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणी मिळवली होती; उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये त्या पाडायला सांगितलं. नालासोपाऱ्यात ४१ बेकायदा इमारती २०२५ च्या सुरुवातीपर्यंत जमीनदोस्त झाल्या. त्या घरांना वीजमीटर होते, घरपट्टी होती. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम अधिकृत असल्याचा दाखला नव्हे.

म्हणजे महारेराचा क्रमांकही एकटा पुरत नाही. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती खरी आहे का ते विचारा. राष्ट्रीयीकृत बँक त्या इमारतीला कर्ज देते का, ही सगळ्यात सोपी कसोटी. करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही. आणि किमतीवर मुंबईत ६, ठाणे-नवी मुंबईत ७ टक्के मुद्रांक शुल्क वेगळं. घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का वाचतो. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत असेल आणि घर ३५ लाखांच्या आत, तर पंतप्रधान आवासच्या नव्या टप्प्यात व्याजावर १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदान आहे, हप्त्याहप्त्याने.

झोपडपट्टीतली खोली "पुढे बिल्डिंग होणार" म्हणून विकत घेऊ नका. पात्रता त्या झोपडीच्या आणि तिथल्या माणसाच्या जुन्या पुराव्यावर असते, आणि वरच्या माळ्याला तर नेहमीच्या योजनेत घरच नाही.

आणि रात्रीपुरतंही छप्पर नसेल तर

हे कुणी मार्गदर्शनात लिहीत नाही. ठेकेदार पळतो, मित्र फोन उचलत नाही, पाकीट मारलं जातं, आणि माणूस दादरच्या पुलाखाली येतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले होते. त्यातले बरेच काम करणारे आहेत. हमाल, केटरिंगवाले, भंगार वेचणारे. खोली परवडत नाही, एवढाच त्यांचा दोष.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की पाच लाखांवरच्या शहरात दर लाख लोकसंख्येला एक निवारा हवा, चोवीस तास, बारा महिने. सव्वा कोटींच्या मुंबईला ते सव्वाशेच्या घरात पडतात. शहर त्याच्या जवळपासही नाही. तरी जे आहेत ते वापरा. महापालिकेच्या मदत क्रमांकावर, १९१६ ला, किंवा प्रभाग कार्यालयात 'बेघर निवारा केंद्र' कुठे आहे ते विचारा. निकष माणशी ५० चौरस फुटांचा आहे, प्रत्यक्षात दाटी असते. पुरुषांची, बायकांची, कुटुंबांची केंद्रं वेगळी असतात. एकटी बाई असेल तर १८१, सोबत मूल असेल तर १०९८, म्हाताऱ्या माणसासाठी १४५६७. रुग्णाला घेऊन आला असाल तर रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याला आधी भेटा, त्यांच्याकडे धर्मशाळांची यादी असते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा रुग्ण-नातेवाइकांसाठीच आहे.

कामाचं ओळखपत्र, नसेल तर मुकादमाची चिठ्ठी, खिशात ठेवा. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे आणि फुटपाथवरचा माणूस भिकारी समजून उचलला जाऊ शकतो. रस्त्यावर राहणाऱ्यांबद्दलचा सगळ्यात मोठा निकाल मुंबईतूनच गेला. १९८१ च्या पावसाळ्यात सरकारने फुटपाथवरच्यांना हुसकायला घेतलं, पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर न्यायालयात गेले. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्याच हक्कात येतो. पण हटवायला मनाई केली नाही. नोटीस द्या, एवढंच. पर्यायी जागा कुणाला? १९७६ च्या झोपडी गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती, त्यांना. तिथेही कागदच.

खोली सोडताना

शेवटचं, आणि माझ्या पैशांनी शिकलेलं. डोंबिवलीची पहिली खोली सोडली तेव्हा करार नोंदवलेला नव्हता, खोलीचे फोटो नव्हते. मालक आले, चष्मा पुसला, आणि भिंतीवरची खिळ्यांची भोकं मोजू लागले. बोट लावत लावत अठरापर्यंत गेले. त्यातली मी मारलेली चार होती. एक कॅलेंडरचं, एक आरशाचं, दोन दोरीची. बाकीची आधीच्या भाडेकरूंची. "रंग काढावा लागेल," म्हणाले, आणि २५,००० च्या डिपॉझिटमधले ९,००० ठेवून घेतले. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

तेव्हापासून किल्ली घेताना मी आधी मोबाइलवर व्हिडिओ काढतो: भिंती, नळ, खिडकीच्या काचा, मीटरचा आकडा. त्याच दिवशी मालकाला पाठवतो, म्हणजे तारीख राहते. सोडताना नोटीस लेखी द्या, शेवटचं वीजबिल भरून त्याची पावती द्या, मीटरचा फोटो पुन्हा काढा. डिपॉझिट खात्यावर आल्यावरच किल्ली द्या. मालक आधी किल्ली मागत असेल तर निदान "आज अमुक तारखेला किल्ली दिली, इतकं डिपॉझिट येणं आहे" असा मेसेज पाठवून त्यावर त्याचं "हो" घ्या. आणि नोंदणीकृत करार मुदतीआधी सोडलात तर तो रद्द झाल्याचंही लेखी घ्या, नाहीतर पुढच्या भाडेकरूच्या कराराच्या वेळी फोन तुम्हालाच येतो.